शंका-समाधान : डागल्यावर ‘नाग’ला वाट कोण दाखवतो?

प्रश्न : ‘नाग’ हे रणगाडाविरोधी क्षेपणास्त्र ‘डागा आणि विसरा’ प्रकारचे आहे म्हणतात. मग ते रणगाड्याचा माग कसे काढते? वाळवंटात त्याला त्रास का झाला?

उत्तर : आधी जुनी पद्धत पाहू. ‘मिलान’ या जुन्या रणगाडाविरोधी क्षेपणास्त्राच्या मागे बारीक तार उलगडत जाते. क्षेपणास्त्र पोहोचेपर्यंत, म्हणजे 2 किलोमीटरसाठी सुमारे 12 सेकंद, जवानाला दुर्बिणीतली फुली रणगाड्यावर धरून ठेवावी लागते. शत्रूच्या गोळीबारात हे 12 सेकंद फार लांबतात!

‘नाग’च्या नाकात उष्णतेचे चित्र पाहणारा कॅमेरा असतो. ‘नामिका’ या वाहनातला जवान पडद्यावर लक्ष्य निवडतो, ते चित्र क्षेपणास्त्राच्या संगणकात पक्के होते आणि मगच ते सुटते. पुढे संगणक नव्या चित्राशी जुने ताडत पंख वळवतो. पल्ला सुमारे 4 किलोमीटर. ते वर चढून छतावर झेपावते, कारण रणगाड्याचे चिलखत समोर जाड आणि छतावर पातळ असते. स्फोटके दोन : पहिले छोटे, बाहेरचे स्फोटक-चिलखत (मारा बसताच स्वतः फुटून त्याची धार मोडणाऱ्या पेट्या) उडवून देणारे, मागचे मोठे, धातूच्या शंकूची अतिवेगवान धार करून पोलाद भेदणारे.

अडचण उन्हाची. राजस्थानात भर उन्हाळ्यात वाळू आणि रणगाड्याचा पत्रा जवळजवळ सारखेच तापतात. चित्रातला फरक पुसट होतो, लांबचे लक्ष्य पकडताच येत नाही. त्यासाठी शोधक, म्हणजे नाकातला हा कॅमेरा, अधिक संवेदनशील करावा लागला. ऑक्टोबर 2020मध्ये पोखरणला खऱ्या स्फोटकासह अंतिम चाचणी झाली.