पहिला पॉट होल्डर शिवताना

ओव्हनचा हातमोजा कसा शिवावा, असे तुम्ही विचारले आहे. तुमची घाई समजते; परंतु अंगठ्याच्या वळणापाशी नवखा हात हमखास अडतो, म्हणून आधी पॉट होल्डर, म्हणजे गरम भांडे धरायचे 20 सेंटीमीटरचे दोन-तीन साधे कापडी चौकोन, शिवावेत.

सर्वांत महत्त्वाचे ते कापड. जुनी जीन्स, सुती चादर, विटलेला टॉवेल, हे सारे उत्तम. पॉलिस्टर किंवा नायलॉन मात्र आतल्या थरातही नको, कारण ते तापल्यावर वितळते आणि कातडीला चिकटते. शंका असेल तर दोन-चार धागे उसवून, चिमट्यात धरून, पाण्याच्या भांड्यावर पेटवून पाहावेत. सुती धाग्याची मऊ राख होते, तर पॉलिस्टरच्या टोकाला कडक गुठळी तयार होते. दोराही सुतीच घ्यावा, ही गोष्ट बहुतेक जण विसरतात.

सुरुवातीला होणाऱ्या चुका साधारणपणे अशा असतात:

- थर कमी घेणे. बाहेरून दोन्ही बाजूंना जीन्स आणि आत टॉवेलचे किमान दोन थर हवेत.
- दाट टिपा मारणे. उष्णता अडवते ती थरांत कोंडलेली हवा, आणि दाट टिपांनी तीच दाबली जाते. माझा पहिला चौकोन टिपांनी इतका सुबक भरला होता, की त्याने पातेले क्षणभरही धरवले नाही. दोन टिपांत चार-पाच सेंटीमीटर अंतर पुरे.
- ओलसर चौकोनाने भांडे उचलणे. ओल्या कापडातून चटका लगेच पोहोचतो.

जाड थरांसाठी यंत्राला 16 नंबरची सुई लावावी आणि टाका थोडा लांब ठेवावा. हातमोजाच्या कापणीबद्दल हे चौकोन झाल्यावर विचारा.