मुंबईचा गव्हर्नर होण्याआधी माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन काय करत होता?

१७९६ मध्ये, सोळाव्या वर्षी, तो ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत कलकत्त्याला आला. १८०३ मध्ये असईच्या लढाईत इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीसोबत होता, मग नागपूरला भोसल्यांच्या दरबारी रेसिडेंट, म्हणजे कंपनीचा प्रतिनिधी. काबूलचा राजा शाह शुजा याच्याकडे कंपनीचा वकील म्हणून गेला, तेव्हा भेट पेशावरातच झाली.

शिक्षणाला मदत करणारा उदार साहेब एवढीच त्याची ओळख सांगतात, ते मला पटत नाही. १८११ पासून पुण्यात दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारी बसून पेशवाई संपवण्याचं राजकारण त्यानेच हाताळलं. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई झाली, संगमावरची रेसिडेन्सी जळाली, त्याचा ग्रंथसंग्रहही गेला. पुढे कमिशनर म्हणून पेशव्यांकडून घेतलेला मुलूख सांभाळताना जुनी इनामं, वतनं त्याने शक्यतो चालू ठेवली. गव्हर्नरपद १८१९ मध्ये मिळालं.