ऊसतोडीला जाणाऱ्या बाया लहान मुलं कशी सांभाळतात?

बहुतेक ठिकाणी आई नाही, मोठी मुलगी सांभाळते. बीडकडची जोडपी दिवाळीच्या आसपास कारखान्यांकडे जातात, ती उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे मजुरीच्या हिशोबात दोघं मिळून एक जोडी. उचल, म्हणजे मुकादमाकडून (मजूर नेणारा ठेकेदार) आगाऊ घेतलेले पैसे, दोघांच्या कामावर घेतलेली. एक दिवस बसलं की खाडा कापतात, मूल तापाने फणफणत असलं तरी.

पहाटे अंधारातच भाकरी थापून फडक्यात बांधायच्या आणि फडात निघायचं. कडेला बैलगाडीखाली जुन्या लुगड्याची झोळी, आत तान्हं, झोका द्यायला सात-आठ वर्षांची बहीण. फारच रडलं की आई हातातलं टाकून येते, पाजते, परत मोळ्या बांधायला जाते. त्या बहिणीची शाळा तिथेच सुटते. मला हे सगळ्यात जास्त टोचतं. सासू गावी धडधाकट असेल तर थोडं बरं, मुलं तिच्यापाशी राहतात.

२००५ च्या रोजगार हमी कायद्यात कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुलं असली तर ती सांभाळायला एक बाई मजुरीवर नेमायची तरतूद केली होती. उसाच्या फडात अशी बाई कोण नेमणार? मुकादम तर नाहीच. म्हणून पाळणाघर हवं ते फडाच्या अंतरावर आणि पहाटेपासून उघडं. दहाला उघडणारी अंगणवाडी या आईच्या काय कामाची?