टॅबलेटवर लिहिण्याचे पेन कोणते घ्यावे?

प्रश्न : मी अकरावी-बारावीच्या गणिताच्या शिकवण्या घेते. ऑनलाइन तासाला उदाहरणे सोडवून दाखवण्यासाठी आणि टाचणे काढण्यासाठी घरातला आयपॅड (दहावी पिढी, 2022) वापरण्याचा विचार आहे. मुलगी यंदा इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेला बसणार असून तिलाही त्यावरच रेखाटनाचा सराव करायचा आहे. रबरी टोकाच्या स्वस्त पेनपासून अ‍ॅपल पेन्सिलच्या चार प्रकारांपर्यंत इतके पर्याय दिसतात की गोंधळ उडतो. दोघींत एकच पेन पुरेल का?
– एक शिक्षिका, सांगली

उत्तर : पुरेल, मात्र कोणते, हे आपल्या पसंतीपेक्षा आपला आयपॅडच अधिक ठरवणार आहे. अ‍ॅपल पेन्सिलच्या चार प्रकारांपैकी दुसऱ्या पिढीची पेन्सिल आणि 2024 साली आलेली ‘प्रो’ या दोन्ही आपल्या आयपॅडवर चालतच नाहीत. त्यामुळे कोणी वापरलेली दुसऱ्या पिढीची पेन्सिल कमी किमतीत देऊ केली, तरी मोहात पडू नये. उरतात त्या दोन : 2015 साली आलेली पहिल्या पिढीची आणि 2023 साली आलेली यूएसबी-सी पेन्सिल.

यांतली यूएसबी-सी पेन्सिल नवी असूनही तिला दाब कळत नाही. पेन तिरपे धरले आहे हे तिला समजते. पण हात हलका ठेवला की रेघ फिकट आणि दाबला की गडद, हे तिच्याकडून होत नाही. जुन्या, पहिल्या पिढीच्या पेन्सिलला मात्र दाब आणि कल दोन्ही कळतात. ‘2018 नंतरच्या सर्व आयपॅडना चालते’ असे सांगून विकली जाणारी इतर कंपन्यांची बहुतेक पेनेही दाबाच्या बाबतीत यूएसबी-सी पेन्सिलच्याच पंगतीत बसतात.

आपल्या कामाला दाबाची गरज नाही. समीकरण एकाच जाडीच्या रेघेत लिहिलेले विद्यार्थ्यांना उलट स्पष्ट दिसते. आपल्याला हवे आहे ते बारीक टोक आणि स्क्रीनवर टेकलेला तळहात लेखणी म्हणून न मोजला जाण्याची सोय. रबरी टोकाचे पेन इथेच नापास होते. टचस्क्रीनला बोटाएवढा स्पर्श लागतो म्हणून त्याचे टोक जाड ठेवावे लागते. ते नेमके कुठे टेकले हे लिहिणाऱ्यालाच दिसत नाही, आणि तळहात उचलून धरावा लागतो तो वेगळाच. देवनागरीत तर याचा फटका अधिक बसतो. ‘घ’ आणि ‘ध’, ‘म’ आणि ‘भ’ यांतला फरक शिरोरेषेपाशी सुटणाऱ्या इवल्याशा जागेचा आहे; तीच बुजली की टाचण आठवड्याने आपल्यालाच लागत नाही.

मुलीचे काम वेगळे आहे. स्थिरचित्रातल्या तांब्याची गोलाई छायाप्रकाशातून येते आणि तो हाताच्या दाबावर तोललेला असतो. तेव्हा एकाच पेनमध्ये दोघींचे भागवायचे असेल, तर पहिल्या पिढीची पेन्सिल घ्यावी. ती चार्ज करण्यासाठी आपल्या आयपॅडला एक छोटा अ‍ॅडॉप्टर लागतो. तो खोक्यात आहे ना, हे पैसे देण्याआधी पाहावे, आणि तिचे मागचे सुटे टोपण हरवू देऊ नये. परीक्षा कागदावरच द्यायची आहे, म्हणून टॅबलेटच्या नादात ब्रश आणि पोस्टर कलर मात्र कपाटात जाऊ नयेत.

अक्षरलेखनाबाबत एक गंमत सांगण्यासारखी आहे. बोरूने काढलेल्या अक्षरातली जाड-बारीक रेघ दाबातून येत नाही, टोकाच्या तिरक्या कापातून येते. चित्रकलेच्या अ‍ॅपमध्ये चपट्या टोकाचा ब्रश ठरावीक कोनात ठेवला की तेच वळण दाब न ओळखणाऱ्या पेननेही साधते.

काचेवर टोक घसरते आणि शिरोरेषा वाकडी होते, ही तक्रार पहिल्या आठवड्यात होईलच. कागदासारखी खरखरीत फिल्म लावल्यास हात स्थिरावतो. मात्र तिने टोक लवकर झिजते आणि चित्रांची चमकही थोडी उतरते. आमचे मत विचाराल तर महिनाभर काचेवरच लिहून पाहावे, बहुतेकांचा हात तोवर बसतो.

प्रश्न : माझ्याकडे सॅमसंगचा गॅलेक्सी टॅब ए9 आहे. मित्राचा जुना एस पेन त्यावर चालेल का?
– एक विद्यार्थी, लातूर

उत्तर : नाही. एस पेनला लिहिण्यासाठी बॅटरी लागत नाही, कारण स्क्रीनखालच्या एका खास थराच्या चुंबकीय क्षेत्रातून त्याला ऊर्जा मिळते. तो थर आपल्या टॅबमध्ये नाही आणि नंतर बसवताही येत नाही. सध्या फक्त वाचताना खुणा करायच्या असतील, तर पारदर्शक चकतीच्या टोकाचे साधे पेन चालेल. पुढे टॅब बदलताना एस पेन खोक्यातच मिळणारे मॉडेल घ्यावे. टॅब एस6 लाइटसारख्या तुलनेने स्वस्त टॅबसोबतही तो मिळतो. दुकानात ठेवलेल्या नमुन्यावर पट्टी ठेवून अगदी सावकाश एक तिरपी रेघ ओढावी. ती नागमोडी उमटली, तर त्या पडद्यावर बारीक अक्षरही तसेच उमटेल.