धावताना ओढणारा कुत्रा आणि छातीवरची कडी

प्रश्न : आमच्याकडे अडीच वर्षांचा, 32 किलो वजनाचा लॅब्रॅडॉर आहे. पहाटे सेमिनरी हिल्सच्या रस्त्याने मी त्याला घेऊन धावतो, पण सुरुवातीला तो इतका ओढतो की गळपट्ट्यामुळे त्याला खोकला येतो आणि माझा खांदा भरून येतो. दुकानदाराने ‘नो-पुल’ म्हणून छातीसमोर कडी असलेला हार्नेस (गळ्याऐवजी छाती-पाठीभोवती बसणारा पट्ट्यांचा साज) दाखवला. धावण्यासाठी तो घ्यावा का?
— एक वाचक, रविनगर, नागपूर

उत्तर : गळपट्टा बदलण्याचा आपला विचार योग्य आहे, कारण ओढणाऱ्या कुत्र्याचा सगळा जोर गळपट्ट्यामुळे त्याच्या श्वासनलिकेवर येतो. दुकानात पाहिलेला हार्नेस चालायला शिकवण्यासाठी उपयोगी आहे. मात्र छातीवरच्या कडीला हातात धरायचा पट्टा अडकवून धावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

कुत्र्याने पुढे जोर लावला की ही कडी त्याची छाती बाजूला वळवते, त्याचे तोंड आपल्याकडे फिरते आणि ओढून पुढे जाता येत नाही, हे त्याच्या लक्षात येते. चालताना हे निर्धोक आहे. धावताना मात्र तोच हिसका एका खांद्यावर पुन्हा पुन्हा तिरका बसतो, आणि पट्टा जरा सैल पडला की पुढच्या पायांत अडकतो. याउलट पाठीवरच्या कडीमुळे भार छातीवर सारखा वाटला जातो. अर्थात त्यामुळे ओढणे थांबत नाही, उलट सोयीचे होते; बर्फावरच्या गाड्या ओढणाऱ्या कुत्र्यांना दोर मागूनच जोडतात, तो याचसाठी.

म्हणून छातीवर आणि पाठीवर अशा दोन्ही ठिकाणी कडी असलेला हार्नेस घ्यावा. घरातून निघाल्यावर पहिली दहा-पंधरा मिनिटे छातीवरच्या कडीने फक्त चालावे. पट्टा ताणला गेला की जागीच उभे राहावे, सैल झाला की पुढे निघावे. त्याचा सुरुवातीचा उत्साह ओसरला की पट्टा पाठीवरच्या कडीला लावून धावायला सुरुवात करावी. पट्टा सैल असतानाच धावायला मिळते, हे लॅब्रॅडॉरला समजायला फार वेळ लागत नाही, पण घरातल्या प्रत्येकाने हाच नियम पाळला पाहिजे. ओढणे पुरते थांबेपर्यंत आपल्या कमरेला बांधायचा पट्टा वापरू नये, कारण रस्त्यावरची कुत्री भुंकत अंगावर आली आणि 32 किलोचा कुत्रा एकदम वळला, तर आपणच खाली याल. अशा वेळी हार्नेसच्या पाठीवर धरायला मूठ असेल तर फार उपयोग होतो.

छातीवरच्या पट्ट्यांचा आकार इंग्रजी वाय अक्षरासारखा असावा. खांद्यांवरून आडवा जाणारा पट्टा पाय पुढे टाकताना आड येतो, आणि ओढताच काखेत आवळणारे प्रकार तर घेऊच नयेत. माप पुढच्या पायांच्या मागे, छातीच्या सर्वांत मोठ्या घेराचे घ्यावे. पट्ट्याखाली दोन बोटे सहज जावीत आणि पोटाखालचा पट्टा काखेपासून तीन-चार बोटे मागे राहावा. धावून आल्यावर काखेतले केस बाजूला करून पाहावे. तेथे केस मोडलेले किंवा कातडी लालसर दिसली, तर हार्नेस बसत नाही असे समजावे. (कारवानी किंवा पश्मी कुत्रा पाळणाऱ्यांनी कमरेजवळ आणखी एक पट्टा असलेला हार्नेस घ्यावा, खोल छाती आणि बारीक कंबर यांमुळे ही कुत्री मागे सरकून साध्या हार्नेसमधून सहज सुटतात.)

लॅब्रॅडॉरच्या अंगावर केसांचे दोन थर असतात, त्यामुळे जाड अस्तराचा, जाकिटासारखा हार्नेस नागपुरात नको. अरुंद पट्ट्यांचा, जाळीदार कापडाचा घ्यावा. पारा 45 अंशांपलीकडे जातो त्या दिवसांत पहाटेसुद्धा डांबर पुरते निवलेले नसते. हाताची पालथी बाजू सात सेकंद रस्त्यावर टेकवता आली नाही, तर त्या दिवशी कुत्र्याला पळवू नये.

गळपट्टा काढल्यानंतरही खोकला राहिला, किंवा तो रात्री झोपेत येऊ लागला, तर तपासणी लांबवू नये. नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालय आपल्या धावण्याच्या वाटेवर, सेमिनरी हिल्सलाच आहे.