एकदाच पाहिलेल्या वस्तूची जाहिरात पाठ का सोडत नाही? त्यामुळे आपली खरेदी बदलते का?

तुम्ही विचारलंय, की एखादी वस्तू नेटवर एकदाच पाहिली तरी तिची जाहिरात पुढे कित्येक दिवस जिकडेतिकडे का दिसते, फोन आपलं बोलणं ऐकतो का, आणि यामुळे आपण नको तेवढी खरेदी करतो का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: हो, माझ्या बाबतीत तरी नक्कीच. पण माझ्या मनाला लागलं ते वेगळंच.

बाबांना ऐकायला कमी येऊ लागलं होतं. त्यांच्याकडे हा विषय कसा काढावा या विचारात एका रात्री मी घरच्या कॉम्प्युटरवर श्रवणयंत्रांची माहिती वाचली. दोन-तीन साइट पाहिल्या, बस. सकाळी बाबा त्याच कॉम्प्युटरवर बातम्या वाचायला बसले. बातमीच्या मधोमध कानामागे यंत्र लावलेल्या हसऱ्या आजोबांचा फोटो. खाली सरकवलं, तर पुन्हा तेच आजोबा. बाबांनी चष्मा काढून हातात धरला आणि विचारलं, "हे तू बघत होतास का रे?" जे मी चार दिवसांनी, त्यांना वाईट वाटणार नाही अशा बेताने बोलणार होतो, ते जाहिरातीने आधीच सांगून टाकलं होतं.

यासाठी कुणी आमचं बोलणं ऐकलेलं नव्हतं. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी १७,००० हून जास्त अँड्रॉइड ॲप्स तपासली. गुपचूप माइक चालू करून आवाज बाहेर पाठवणारं एकही ॲप त्यांना सापडलं नाही (काही ॲप्स स्क्रीनवर काय चाललंय ते मात्र टिपून पाठवत होती, आणि तेही काही कमी नाही). ऐकायची गरजच पडत नाही, कारण आपण काय शोधतो, कुठे थांबतो, काय अर्धवट सोडतो हे आपणच दिवसभर सांगत असतो.

सुरुवात साधी होती. १९९४ मध्ये नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीतल्या लू मॉन्टुली यांनी कुकी, म्हणजे साइट तुमच्या ब्राउझरमध्ये ठेवते ती छोटीशी नोंद, तयार केली, ती साइटला तुमची आठवण राहावी म्हणून, म्हणजे कार्टमध्ये टाकलेल्या वस्तू पुढच्या पानावर गेल्यावर गायब होऊ नयेत. पुढे जाहिरात कंपन्यांनी दुसऱ्यांच्या साइटवरून स्वतःच्या कुकी ठेवायला सुरुवात केली. त्यामुळे श्रवणयंत्राच्या साइटवर गेलेला ब्राउझर आणि बातम्या वाचणारा ब्राउझर एकच आहे, हे त्यांना कळतं. वाचणारा माणूस बदललाय हे कळत नाही. तुम्ही पान उघडता, ते पूर्ण दिसायच्या आत त्यातल्या जाहिरातीच्या मोकळ्या जागेचा लिलाव होतो. त्याला सेकंदाचा दहावा भागही पुरतो. लिलावात बोली लावू शकणाऱ्या अनेकांकडे तुमची माहिती जाते: कुठलं पान, कुठला फोन किंवा कॉम्प्युटर, साधारण ठिकाण. जागा एकालाच मिळते, माहिती मात्र हरणाऱ्यांच्याही हाती लागते. मला सगळ्यात जास्त खटकतं ते हेच.

आणि ही माहिती नेहमी बूट-चपलांपुरती राहत नाही. बेटरहेल्प ही ऑनलाइन समुपदेशन देणारी कंपनी. मनाच्या त्रासाबद्दल लोकांनी विश्वासाने भरून दिलेली माहिती तिने फेसबुक, स्नॅपचॅट यांसारख्या कंपन्यांना जाहिरातींसाठी दिली, असा ठपका अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे ग्राहकांच्या हितावर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, ठेवला. २०२३ मध्ये ते प्रकरण ७८ लाख डॉलरवर मिटलं.

आता खरेदीचं. मी माझ्या वर्षभराच्या ऑर्डरी एकदा बसून चाळल्या. ज्या वस्तू आज वापरात नाहीत, त्यातल्या बहुतेक रात्री अकरानंतर मागवलेल्या निघाल्या, आणि जवळपास प्रत्येकीच्या आधी तीच जाहिरात कित्येकदा दिसून गेलेली होती. एक टेबललॅम्प तर मला अजून आठवतो. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी तो नको म्हणूनच बंद केला होता. पाच-सहा दिवस तो दिसत राहिला, आणि मग तो 'माझ्या मनात असलेला लॅम्प' होऊन बसला. रॉबर्ट झायॉन्ट्स या मानसशास्त्रज्ञाने १९६८ मध्येच दाखवून दिलं होतं, की एखादी गोष्ट नुसती वारंवार दिसली तरी ती आवडू लागते. त्यात 'फक्त दोनच शिल्लक' आणि कार्ट सोडून गेल्यावर येणारी सवलत. एरवी वस्तू नजरेआड झाली की तिची ओढ आपोआप विरते. ती विरायला जो वेळ लागतो, तोच या जाहिराती मिळू देत नाहीत.

छोट्या विक्रेत्यांना यातून नेमकं गिऱ्हाईक मिळतं, हे मला मान्य आहे. पण त्यासाठी मी उघडलेल्या लेखाच्या विषयाची जाहिरात दाखवली तरी चालण्यासारखं आहे. माझा माग काढत फिरायची गरज नाही.

मी काय केलं ते सांगतो. अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये जाहिरातींसाठीचा आयडी, म्हणजे जाहिरातदार फोन ज्याने ओळखतात तो क्रमांक, डिलीट करता येतो, तो केला. आयफोनवर एप्रिल २०२१ पासून माग काढण्याआधी ॲपला तुमची परवानगी मागावी लागते. तिथे सरळ 'नाही' म्हणा. सफारी आणि फायरफॉक्स हे ब्राउझर माग काढणाऱ्या परक्या कुकी आपणहून अडवतात. क्रोममधून त्या काढून टाकू असं गुगलने २०२० मध्ये जाहीर केलं होतं, पण २०२४ मध्ये तो बेत सोडला, त्यामुळे तिथे सेटिंग स्वतः बदलावी लागते. तब्येतीचं काहीही शोधायचं असेल तर मी प्रायव्हेट विंडो, म्हणजे बंद केल्यावर शोधलेलं ब्राउझरमध्ये साठवून न ठेवणारी खिडकी, उघडतो. तिने सगळं लपत नाही, पण निदान घरातल्या दुसऱ्या माणसासमोर ते उघडं पडत नाही. विकत घ्यायची वस्तू मी कागदावर लिहून ठेवतो आणि आठवड्याने यादी पाहतो. निम्म्या ओळी खोडल्या जातात.

बाबांनी त्या दिवशी मला फार काही बोलून दाखवलं नाही. कानाच्या डॉक्टरांकडे ते तीन महिन्यांनी आपणहून गेले आणि यंत्र घेऊन आले. त्या हसऱ्या आजोबांची जाहिरात त्यानंतरही बरेच दिवस आमच्या कॉम्प्युटरवर येत होती.