बेडकांमधील ‘वाय’ गुणसूत्र झिजत का नाही?

प्रश्न : पहिला मोठा पाऊस पडला की इगतपुरीजवळच्या आमच्या भातखाचरांत पिवळेजर्द बेडूक डरांव डरांव करू लागतात, माद्या मात्र मातकटच असतात. नर-मादींत एवढा फरक असल्यास त्यांच्या गुणसूत्रांतही माणसातल्या एक्स-वायइतकाच फरक असतो का? — एक वाचक, नाशिक

उत्तर : आपण पाहिलेला पिवळा रंग आणि गळ्याच्या दोन्ही बाजूंना फुगणाऱ्या निळ्या पिशव्या ही मोठ्या बेडकाच्या नराची विणीच्या हंगामातील खूण असून तो रंग थोड्याच काळात उतरतो. गुणसूत्रांची गोष्ट मात्र अगदी उलट आहे. माणसाचे वाय गुणसूत्र एक्सपुढे खुजे दिसते, कारण फार पूर्वी त्यांच्यातील जनुकांची अदलाबदल बहुतांशी थांबली आणि वायवरील बिघाड दुरुस्त न होता साचत गेले. बेडकांच्या बहुतेक जातींत ही जोडी सूक्ष्मदर्शकाखाली एकसारखीच दिसते.

याची दोन कारणे सांगितली जातात. पहिले असे की, लिंग ठरवण्याचे काम एका जोडीकडून दुसऱ्या जोडीकडे वारंवार जाते, त्यामुळे कोणतेही वाय झिजण्याइतके जुने होत नाही. राना या बेडकांच्या कुळातील 28 जातींच्या, 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे बदल किमान 13 वेळा घडल्याचे आढळले आणि पुन्हा पुन्हा त्याच मोजक्या गुणसूत्रांकडे हे काम गेलेले दिसले.

दुसरे कारण मला अधिक विलक्षण वाटते. नर बेडकात गुणसूत्रांची अदलाबदल जवळपास टोकांपुरतीच होते, मादीत ती सर्व लांबीभर होते. आणि हे प्राण्याच्या अंगी एक्स-वाय आहे की नाही यावर नव्हे, तर तो नर म्हणून वाढला की मादी म्हणून, यावर ठरते. म्हणजेच एक्स-वाय असलेले एखादे बेडूकपिल्लू तापमानासारख्या कारणाने मादी म्हणून वाढले, तर त्या एका मादीच्या शरीरात वायला एक्सशी पूर्ण देवाणघेवाण करता येते आणि साचलेले दोष झटकण्याची संधी मिळते. स्वित्झर्लंडमधील लोझान विद्यापीठाचे निकोला पेराँ यांनी 2009 मध्ये हा विचार मांडला. अशा माद्या क्वचितच निर्माण झाल्या तरी पुरते, हे त्यातील मर्म.

जपानमधील खरबरीत कातडीच्या एका बेडकात तर काही भागांत नर एक्स-वाय असतो, तर काही भागांत, पक्ष्यांप्रमाणे, मादीच झेड-डब्ल्यू असते, म्हणजे वेगवेगळ्या गुणसूत्रांची जोडी नराऐवजी मादीत असते. जात मात्र एकच.